जुन्या गाडीला व्हॅक्यूम ब्रेक बसवला आणि पेडल दगड झालं. दोष नेमका शोधायचा कुठे?

२९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओमध्ये मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात सगळ्यांच्या फीडवर काळ्या-पिवळ्या फोटोंचा पूर आला होता.

पण टॅक्सी संपली म्हणजे पद्मिनी संपली असं नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी अजूनही कित्येक घरांत कव्हर घालून उभी आहे. कुठे आजोबांची, कुठे वडिलांच्या लग्नातली. नातू ती हौसेनं चालू करायला घेतो, इंजिन बांधतो, रंग काढतो. गाडी रस्त्यावर येते आणि पहिल्याच सिग्नलला त्याची पाचावर धारण बसते.

कारण ब्रेक!

आजच्या गाडीची सवय झालेला पाय पेडलवर नुसता टेकतो आणि जुनी गाडी आपली चाललेली असते. ब्रेक खराब असतो असं नाही. चारही चाकांना ड्रम आहेत, ते व्यवस्थित असतील तर गाडी थांबते. फक्त थांबवण्याची सगळी ताकद माणसाच्या पायातून यायची असते. मग गॅरेजवाला उपाय सुचवतो, "बूस्टर टाकून घ्या, पेडल लोण्यासारखं होईल." भंगार बाजारातून एखाद्या नंतरच्या छोट्या गाडीचा बूस्टर आणि मास्टर सिलिंडर येतो, पत्रा कापला जातो, नळी जोडली जाते.

आणि मग खरी गोष्ट सुरू होते. कुणाचं पेडल पूर्वीपेक्षा कडक होतं. कुणाची गाडी चार किलोमीटर गेल्यावर आपोआप ब्रेक धरते. कुणाचं इंजिन सिग्नलला बंद पडायला लागतं. गॅरेजवाला म्हणतो बूस्टर खराब निघाला, दुसरा टाकू. दुसरा टाकला तरी तेच.

असं का होतं, आणि दोष शोधायचा कसा, ते बघू.

बूस्टर नेमकं करतो काय?

बऱ्याच जणांना वाटतं की बूस्टर ब्रेक लावतो. तो ब्रेक लावत नाही, पायाला मदत करतो.

पेट्रोल इंजिन चालू असताना ते हवा ओढत असतं. कार्ब्युरेटरचं झाकण जवळपास बंद असलं की त्याच्या खालच्या भागात, म्हणजे मेनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. हाच व्हॅक्यूम. बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक गोल डबा, आत मधोमध रबराचा पडदा. पाय पेडलवर नसतो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असतो. पेडल दाबलं की मागच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडतो, बाहेरची हवा आत शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. पडदा मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो.

आकड्यांत बघा. सात इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण २४८ चौरस सेंटीमीटर भरतं. चांगल्या इंजिनाचा व्हॅक्यूम १८ इंच पारा धरला तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण ०.६२ किलो दाब मिळतो. म्हणजे एकूण दीडशे किलोच्या आसपास जोर. वीस किलोनं पेडल दाबलं आणि पेडलच्या तरफेनं तो पाचपट झाला, तर पायाचा जोर १०० किलो. त्यात बूस्टरचे दीडशे. बूस्टर नसता तर त्याच अडीचशे किलोंसाठी पायाला ५० किलोनं दाबावं लागलं असतं.

बेल्जियमचे अभियंते आल्बेर देवान्द्र यांनी १९२०च्या दशकात ही युक्ती गाड्यांसाठी वापरात आणली. म्हणजे तंत्र पद्मिनीपेक्षाही म्हातारं आहे.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. रेल्वेत 'व्हॅक्यूम ब्रेक' म्हणजे अगदी उलटी गोष्ट. तिथे व्हॅक्यूम असेपर्यंत ब्रेक सुटलेला राहतो, आणि साखळी ओढून किंवा पाइप फुटून व्हॅक्यूम गेला की ब्रेक लागतो. मोटारीत व्हॅक्यूम गेला तर ब्रेक लागत नाही आणि जातही नाही. फक्त मदत जाते. गाडी परत आजोबांच्या काळात जाते, आणि बऱ्याचदा त्याहून वाईट अवस्थेत. ते का, ते पुढे.

आधी ठरवा: दोष हवेचा, तेलाचा की लोखंडाचा?

बूस्टर बसवलेल्या ब्रेकमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकामागे एक जोडलेल्या असतात. व्हॅक्यूम, ब्रेक ऑइल आणि लोखंडी भाग, म्हणजे पेडल, दांडे, शू, ड्रम. तिघांच्या तक्रारी पेडलवरच कळतात, म्हणून सगळा राग बूस्टरवर निघतो. पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटांत आणि फुकटात होणारी तपासणी करून घ्या.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. आता पेडलवर मध्यम जोर देऊन पाय तसाच ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडंसं खाली सरकलं, तर बूस्टर काम करतोय. अजिबात हललं नाही, तर एक तर व्हॅक्यूम पोहोचत नाही किंवा पडदा फाटला आहे.

मग इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा. थोडं थांबून पेडल दाबा. पहिल्या दाबाला ते खोल जायला हवं, दुसऱ्याला थोडं वर, तिसऱ्याला आणखी वर. पहिल्यापासूनच कडक असेल तर व्हॅक्यूम टिकत नाही, कुठेतरी गळती आहे.

शेवटची तपासणी तेलाची. इंजिन बंद, व्हॅक्यूम संपलेला, आणि पेडल पूर्ण जोरानं अर्धा मिनिट दाबून ठेवा. ते घट्ट राहिलं तर तेलाचा भाग ठीक. हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय किंवा बाहेर कुठेतरी तेल निघतंय. आणि स्पंजसारखं दबलं तर पाइपात हवा आहे.

एवढ्यानं तिघांपैकी गुन्हेगार कोण ते बहुतेक कळतं. आता एकेक तक्रार.

पेडल दगडासारखं कडक

बूस्टर बसवूनही पेडल कडक, हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. आणि यात बूस्टर निर्दोष असण्याची शक्यता बरीच.

पहिलं बघायचं ते नळी कुठून घेतली आहे. कार्ब्युरेटरला एक बारीक नळी आधीच असते, ती डिस्ट्रिब्युटरला जाते. तीच तोडून तिला टी लावून बूस्टर जोडलेला दिसतो. हे चुकीचं. त्या नळीचं छिद्र बऱ्याच कार्ब्युरेटरांत झाकणाच्या वरच्या बाजूला असतं. म्हणजे आयडलिंगला, जेव्हा पाय ॲक्सिलरेटरवरून निघून ब्रेकवर आलेला असतो, नेमका तेव्हाच तिथे व्हॅक्यूम नसतो. शिवाय ती नळी इतकी बारीक की बूस्टर भरायला वेळ लागतो. बूस्टरची नळी मेनिफोल्डवरूनच यायला हवी आणि आतून साधारण ९ ते १० मिलिमीटरची हवी.

दुसरं, नळी कसली आहे. शहाळ्यात मलई अडकली आणि जोरात ओढलं की स्ट्रॉ चपटी होते ना? तेच इथे होतं. पाण्याची किंवा पेट्रोलची साधी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण व्हॅक्यूमनं आतून चिकटते, त्यातही इंजिन तापून रबर मऊ झाल्यावर. म्हणून सकाळी ब्रेक छान आणि दुपारी कडक, अशी चमत्कारिक तक्रार येते. व्हॅक्यूमसाठी बनलेली, आतून दोऱ्याचं अस्तर असलेली नळीच लागते. इंजिन चालू असताना नळी बोटांनी चाचपून बघा. ती चपटी लागली तर तिथेच उत्तर मिळालं.

तिसरा तो वन-वे व्हॉल्व्ह. बूस्टरच्या तोंडाशी किंवा नळीच्या मध्ये प्लास्टिकचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो हवेला बूस्टरकडून इंजिनाकडे जाऊ देतो, उलट नाही. उलटा बसवला की बूस्टर कधीच रिकामा होत नाही आणि मदत शून्य. काढून स्वच्छ पुसून तोंडानं फुंकून बघता येतं: हवा एकाच दिशेनं जायला हवी. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी व्हॉल्व्ह बूस्टरमधून ओढलात आणि 'फुस्स' असा आवाज आला, तर बूस्टर व्हॅक्यूम धरून होता.

पहिला ब्रेक मऊ आणि लगोलग मारलेला दुसरा कडक, असं होत असेल तर वाट अरुंद आहे. नळी बारीक, व्हॉल्व्ह अर्धवट चिकटलेला, किंवा मेनिफोल्डला पाडलेलं छिद्र लहान.

हे सगळं बरोबर आणि तरी मदत कमी? मग इंजिनाकडे बघायची वेळ आली. व्हॅक्यूम गेज टी लावून जोडा. समुद्रसपाटीजवळ धडधाकट पेट्रोल इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच दाखवतं. झिजलेल्या रिंगा, नीट न बसणारे व्हॉल्व्ह, मागे पडलेलं टायमिंग, यातलं काहीही असेल तर हा आकडा खाली येतो. चाळीस वर्षांचं थकलेलं इंजिन १३ इंच देत असेल तर जगातला कुठलाही बूस्टर पूर्ण मदत करणार नाही. उंचीचाही हिशोब धरा. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, म्हणजे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात चार-साडेचार इंचांचा फरक. तिथे पेडल थोडं जड लागलं तर गाडीला शिव्या देऊ नका.

डिझेल गाडीत हा मार्गच नसतो. डिझेल इंजिनात हवा अडवणारं तसं झाकण नसतं, त्यामुळे मेनिफोल्डमध्ये कामापुरता व्हॅक्यूम तयार होत नाही. तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप हवा. पेट्रोलची गाडी डिझेल इंजिनावर चढवलेली असेल आणि बूस्टर मेनिफोल्डला जोडला असेल, तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

थोडं चाललं की ब्रेक आपोआप धरतो

हा प्रकार सगळ्यात धोक्याचा, आणि याचं कारण बहुतेक वेळा मिलिमीटरभर लोखंड असतं.

बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्या मध्ये एक दांडा असतो, पुशरॉड. बूस्टर एका गाडीचा आणि मास्टर सिलिंडर दुसऱ्या गाडीचा असेल तर त्याची लांबी जुळेलच असं नाही. तो थोडासा जरी लांब असला तर पाय काढल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही.

मग काय होतं? मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. पाय काढलेला असताना पाइपातलं तेल त्यातून वरच्या डबीत परत जाऊ शकतं. पिस्टन थोडा पुढे अडकला की हे छिद्र झाकलं जातं. शू ड्रमला हलकेच घासतात, तेल तापतं, तापून फुगतं, पण जायला वाट नाही. म्हणून ते शूंना आणखी दाबतं. त्यानं आणखी उष्णता, आणखी दाब. गाडी जड चालायला लागते, ड्रममधून जळका वास येतो आणि शेवटी चाकं जाम होतात. अर्धा तास थंड झाली की सगळं ठीक! गॅरेजमध्ये नेईपर्यंत दोष गायब झालेला असतो, म्हणून मालक वेडा ठरतो.

तपासायचं असं. गाडी जाम असतानाच मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट तीन-चार मिलिमीटर सैल करा. चाकं लगेच सुटली, तर पुशरॉड लांब आहे. नाही सुटली, तर मास्टर सिलिंडरपाशी पाइपाचा नट थोडा सैल करा. तेल उडून चाकं मोकळी झाली तर दोष मास्टर सिलिंडरच्या आत. तरीही एखादं चाक अडकलेलंच असेल, तर त्या चाकाचा एअर काढायचा निपल सैल करा. तेल जोरात उडून चाक सुटलं तर मधली रबरी ब्रेक नळी आतून सुजली आहे, ती तेल जाऊ देते पण परत येऊ देत नाही. निपल उघडूनही चाक सुटलं नाही तर तेलाचा संबंध नाही. व्हील सिलिंडर गंजलाय, शूची स्प्रिंग गेलीय किंवा हँडब्रेकची केबल ताणून राहिली आहे. हे करताना डोळ्यांवर चष्मा असू द्या. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाणी ओता.

पुशरॉडचा फट मोजायला एक घरगुती युक्ती आहे. मुलांच्या खेळायच्या क्लेचा छोटा गोळा दांड्याच्या टोकाला लावा, मास्टर सिलिंडर बसवून नट घट्ट करा आणि परत काढा. दाबून उरलेल्या क्लेची जाडी म्हणजे फट. साधारण अर्धा ते एक मिलिमीटर चालतो. अजिबात नसेल तर दांडा आखूड करा, फार असेल तर पेडल उगाच खोल जाईल. काही जण दांडा न छेडता मध्ये वॉशर घालून काम भागवतात. शोध घेण्यासाठी ते ठीक आहे, पण मास्टर सिलिंडर कायमचा वॉशरवर टांगून ठेवणं बरं नव्हे.

पेडलच्या बाजूलाही नजर टाका. ब्रेक लाइटचा स्विच फार पुढे बसवला असेल तर तोच पेडल किंचित दाबून ठेवतो. बूस्टरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो आणि ब्रेक घासत राहतो. पेडलला थोडी मोकळी हालचाल हवीच.

आणि पुढे डिस्क बसवल्या असतील तर आणखी एक सापळा. ड्रमसाठी बनलेल्या काही मास्टर सिलिंडरांत पाइपात थोडा दाब कायम ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रममध्ये परतीच्या स्प्रिंगा जोरकस असतात म्हणून तो चालतो. डिस्कला तशा स्प्रिंगा नसतात, त्यामुळे पॅड सतत घासत राहतात.

नुसतं टेकवलं तरी गाडी आदळते

बूस्टर लागला, मदतही आहे, पण ती फार आहे. पाय टेकला की सगळे प्रवासी पुढे. याची कारणं तीन.

एक म्हणजे पेडलची तरफ. बूस्टर नसलेल्या गाडीत पेडल साधारण सहापट जोर देईल असं बनवलेलं असतं, बूस्टर असलेल्या गाडीत चारपटीच्या आसपास. जुनं पेडल तसंच ठेवलं की मदतीवर मदत होते. दुसरं म्हणजे ड्रमचा स्वभाव. ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यामुळे स्वतःच जास्त घट्ट बसतो, म्हणजे थोडा 'बूस्टर' ड्रममध्ये आधीच असतो. त्यावर व्हॅक्यूमचा जोर आला की डाव्या-उजव्या ड्रममधला बारीकसा फरकही मोठा होतो आणि ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. बूस्टर बसवण्याआधी ड्रम टर्न करून, शू नीट ॲडजस्ट करून घेतले नाहीत तर हे होणारच.

तिसरं कारण मजेशीर आहे आणि पटकन लक्षात येत नाही. बूस्टरच्या आत, पुशरॉडच्या मागे, रबराची एक छोटी चकती असते. पायाला ब्रेकचा अंदाज देण्याचं काम ही चकती करते. भंगारातला बूस्टर साफ करताना कुणी पुशरॉड ओढून बाहेर काढला, तर ती चकती आत घरंगळते आणि दांडा तिच्याशिवायच परत बसवला जातो. मग ब्रेक दिव्याच्या बटणासारखा होतो, एक तर बंद नाहीतर पूर्ण चालू. बूस्टर कोपऱ्यात हलवून बघा, आत काही खुळखुळलं तर चकती सापडली.

पेडल खोल जातं

पाइपात हवा राहिली, हे उघड कारण. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून पुन्हा एअर काढा. पण एअर काढून काढून ब्रेक ऑइलचे दोन डबे संपले आणि पेडल तरी खोलच, असं असेल तर माप तपासा.

मास्टर सिलिंडरचा व्यास इथे सगळं ठरवतो. पाऊण इंची सिलिंडरच्या जागी ७/८ इंची आला तर क्षेत्रफळ जवळपास ३६ टक्क्यांनी वाढतं. तेल जास्त ढकललं जातं, पेडल वर राहतं, पण तोच दाब मिळवायला जोरही ३६ टक्के जास्त लागतो. उलट, लहान व्यासाचा आला तर पेडल हलकं पण खोल. आणि सुरुवातीला म्हटलं होतं ना, व्हॅक्यूम गेला की गाडी आजोबांच्या काळाहून वाईट अवस्थेत जाते? ते यामुळे. बूस्टरच्या भरवशावर मोठा मास्टर सिलिंडर टाकलेला असतो. बूस्टर गेला की तोच मोठा सिलिंडर नुसत्या पायानं दाबावा लागतो.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये सर्रास दिसते. नवीन मास्टर सिलिंडरला दोन स्वतंत्र कप्पे असतात, एका पाइपातून तेल गेलं तरी दुसरा निम्मा ब्रेक वाचवतो. जुन्या गाडीचा पाइप एकच, म्हणून दोन्ही तोंडं टी लावून एकत्र केली जातात. ब्रेक लागतो, पण वाचवणारा दुसरा कप्पा उरत नाही. एवढा खर्च केलाच आहे तर पुढचा आणि मागचा पाइप वेगळा ओढून घ्यावा.

तेल कमी होतंय, पण गळती दिसत नाही

डबीतलं ब्रेक ऑइल आठवड्याला कमी होतं, चाकांपाशी ओल नाही, खाली डाग नाही. मग मास्टर सिलिंडर सोडवून बूस्टरचं तोंड बघा. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळत असेल तर तेल बाहेर न येता बूस्टरमध्ये जमतं, आणि तिथून व्हॅक्यूमच्या नळीनं इंजिनात ओढलं जातं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि मालक इंजिन खोलायला घेतो! तेलानं भिजलेला बूस्टर मग फार टिकत नाही.

नाव 'ब्रेक ऑइल' असलं तरी ते खनिज तेल नसतं. त्यात चुकूनही इंजिन ऑइल किंवा रॉकेल गेलं तर सगळी रबरं सुजतात. सील धुवायचं असेल तर ब्रेक ऑइलनंच.

आयडलिंग बिघडलं असेल, किंवा पेडल दाबताच इंजिन अडखळत असेल, तर व्हॅक्यूम गळतोय. बूस्टरची नळी काढून मेनिफोल्डचं तोंड बुचानं बंद करा. इंजिन सुधारलं तर गळती नळीत किंवा बूस्टरमध्ये. पेडल दाबल्यावर क्षणभर हवेचा आवाज येणं ठीक आहे, पाय ठेवलेला असताना तो सतत येत राहिला तर पडदा किंवा व्हॉल्व्ह गेला.

काही गाड्यांत मास्टर सिलिंडर फायरवॉलवर नसून जमिनीखाली असतो, मॉरिस मायनर हे त्याचं उदाहरण. तिथे बूस्टर पेडलला जोडता येत नाही, मग पाइपाच्या मध्ये बसणारा वेगळा सर्वो वापरतात. त्यात हवा अडकायची सवय फार, म्हणून तो कंपनीनं सांगितलेल्या कोनातच बसवावा आणि त्याला स्वतःचा निपल असेल तर तिथूनही एअर काढावी.

घाटात इंजिन बंद करायची सवय

पूर्वी पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे कित्येक जण होते. घरातल्या मोठ्यांकडून ही विद्या आली असेल तर बूस्टर बसवल्या दिवसापासून ती विसरा. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद. साठवलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन ब्रेक मिळतात, चौथ्या वळणाला पेडल दगड होतं.

शिवाय बूस्टरनं पाय हलका होतो, ड्रम मोठे होत नाहीत. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना जी उष्णता ड्रमला सोसायची आहे ती तेवढीच. पूर्वी पाय दुखायचा म्हणून माणूस गिअर खाली घ्यायचा, आता पाय दुखत नाही म्हणून ब्रेकवरच उतरतो, आणि ड्रम तापून पकड सोडतात. ताजं डॉट ३ ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण वर्षानुवर्षं ओल शोषलेल्या तेलाची हद्द १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उकळलेल्या तेलात वाफ होते आणि पेडल तळाला जातं.

म्हणून चालत्या गाडीत दोन प्रसंग वेगळे ओळखता यायला हवेत. पेडल अचानक कडक झालं, तर व्हॅक्यूम गेला आहे. पंप करू नका, उरलासुरला व्हॅक्यूम त्यानं संपतो. एकदाच, पूर्ण ताकदीनं, लागल्यास दोन्ही पायांनी दाबा आणि दाबून ठेवा. पेडल अचानक तळाला गेलं, तर तेलाचा दोष आहे. तिथे मात्र भराभर पंप करा. दोन्ही वेळा गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा. किल्ली फिरवून इंजिन बंद करू नका.

कागदपत्रांचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. बूस्टरचं काम काढण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं आणि विमा कंपनीलाही कळवावं. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, पण त्यात गाडी मूळ रूपात जपलेली असणं अपेक्षित असतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गाडी असेल आणि ती नोंदणी मिळवायचा विचार असेल, तर पत्रा कापण्याआधी दोनदा विचार करा. जुना मास्टर सिलिंडर आणि पेडल तर कुठल्याही परिस्थितीत भंगारात देऊ नका.

सगळं जुळलं की पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, ताशी १०-१५ किलोमीटरच्या वेगानं घ्या. मग सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवा, ब्रेक शक्यतो न वापरता. थांबून चारही ड्रमजवळ हात न्या. ब्रेक फारसा वापरलेला नसताना एखादा ड्रम हात ठेवता येणार नाही इतका तापला असेल, तर गाडी घाटात नेऊ नका. परत पुशरॉडपासून सुरुवात करा.